अळिवाच्या लाडवांपासून नाचणीच्या पिठापर्यंत: आमची वाटचाल

सुरुवात बाळंतिणीच्या खुराकाने झाली. अळिवाचे, डिंकाचे लाडू आम्ही कोल्हापुरात घरीच वळायचो आणि ऑर्डरप्रमाणे पोचवायचो. पाच-सहा महिने गेले की त्याच घरांतून पुन्हा फोन यायचा, "काकू, उष्टावण झालं, आता बाळाला काय देऊ?" या प्रश्नामुळेच आम्ही नाचणीकडे वळलो.

नाचणी आम्हाला लांबून आणावी लागत नाही. आजरा, चंदगड, राधानगरीच्या डोंगरउतारांवर ती पिकते. निवडून तीन-चार पाण्यांनी धुवायची, रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून सुती फडक्यात घट्ट बांधायची. पुरचुंडी सोडली की दाण्यांना बारीक पांढरे मोड दिसतात. मग वाळवण, मंद आचेवर भाजणं, दळण. पावसाळ्यात ऊन नसतं आणि ओलसर धान्याला लगेच बुरशी धरते, म्हणून पहिली मोठी खरेदी ड्रायरची केली. मोड आलेल्या धान्याची पेज कमी घट्ट होते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ शिजवता येतं. चार चमच्यांत पोट भरणाऱ्या बाळासाठी हे फार मोलाचं आहे.

पांढरंशुभ्र सत्त्व का करत नाही, असं पुष्कळजणी विचारतात. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातलं बरंचसं टरफलात. वस्त्रगाळ केलं की चोथ्याबरोबर तेही जातं. म्हणून आम्ही पीठ फक्त बारीक चाळणीने चाळतो. रंग काळपट येतो, येऊ दे.

दुकानदार सांगायचे, पाकिटावर गुटगुटीत बाळाचा फोटो टाका, हातोहात खपेल. आम्ही टाकला नाही. 1992 च्या कायद्याने बाळाच्या आहाराच्या पाकिटावर असं चित्र चालत नाही, जाहिरातही करता येत नाही. आणि मलाही हे बंधन योग्य वाटतं. 'मोड आलेल्या नाचणीचं पीठ', एवढंच छापतो. साखर, दूध पावडर काही घालत नाही.

फोनवर मात्र मनापासून बोलते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. मग दोन-तीन चमचे पेज, एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि अंगावरचं दूध चालूच. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ नको. मध तर अजिबात नको, त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो. यावर आज्या नाराज होतात. "गुळाशिवाय गोडी कशी लागायची?" मी म्हणते, आजी, पिकलेलं केळं कुस्करून बघा. नुसत्या नाचणीवरही भागत नाही. सहा महिन्यांनंतर बाळाला लोह वरच्या अन्नातून लागतं, म्हणून मऊ वरण-भात, पालक, नीट शिजवलेलं अंडं हळूहळू सुरू करायचं, आणि लोह अंगी लागावं म्हणून वरणात लिंबाचे दोन थेंब पिळायचे.

आता तांदूळ-मुगाची भरड काढायची आहे. मूग सालीचे घ्यायचे की सोललेले, यावर आमच्या कारखान्यात सध्या रोज चर्चा चालते. सोललेले पचायला हलके, सालीचे जास्त कसदार. दोन्ही वेगवेगळे विकावेत असं माझं मत होत चाललंय.