कार्डिफ १:१२ : मातीचा फवारा अखेर जमला

मंडळी, जमलं! वेल्समधल्या कार्डिफच्या स्टेडियमच्या ट्रॅकवर वळण घेणारी स्पीडवेची (मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरच्या शर्यतीची) मोटरसायकल मी १:१२ मापात, ट्रॅकच्या तुकड्यासकट करतोय. इतके दिवस सगळं घोडं जिथे पेंड खात होतं, तो मागच्या चाकातून उडणाऱ्या मातीचा फवारा काल रात्री उभा राहिला आणि सकाळी पाहिलं तेव्हाही उभाच होता. या पावसाळी हवेत आधीचा एकही फवारा रात्रभर टिकला नव्हता, म्हणून ही बातमी आधी देतोय.

गाडीचं थोडक्यात उरकतो. पुढचं २३ इंची चाक पूर्ण झालं. स्पोकसाठी गिटारची सर्वांत बारीक, ०.००९ इंची तार वापरली. १:१२ ला ती खऱ्या स्पोकच्या जाडीच्या जवळ बसते आणि रंगवावीही लागत नाही. मोटोक्रॉसच्या किटमधलं २१ इंची चाक चालवून घे, असं काहींनी सुचवलं होतं. नको. पुढे ते मोठं, सडपातळ चाक आणि मागे १९ इंची, यातच स्पीडवेच्या गाडीचा सगळा डौल आहे. तिथे तडजोड केली तर ब्रेक नसलेली, एका गिअरची, मिथेनॉल पिणारी ही गाडी कुठल्याही मोटरसायकलसारखी दिसायला लागते. आडवं इंजिन थ्रीडी प्रिंटरवर छापून आलं, पण प्रिंट करून देणाऱ्यांनी सपोर्ट (छपाईत आधाराला लागणाऱ्या काड्या) नेमके सिलिंडरच्या फिन्सवर लावले होते. ते कापून घासण्यात संध्याकाळ गेली. यापुढे फाइल देताना सपोर्ट मीच लावून देणार.

आता फवारा. उशीतला पॉलिस्टर कापूस ताणायचा आणि त्यावर भुकटी मारायची, ही आपल्या सगळ्यांची हुकमी युक्ती. रणगाड्यांना, रॅलीच्या गाड्यांना ती शोभते. इथे मात्र गाडीने पेट घेतल्यासारखं दिसत होतं. हेअर स्प्रे मारून कापूस कडक केला, तर दमट हवेत सकाळपर्यंत खाली बसायचा. ओएचपी शीटचे पंखे कापून त्यांवर कण चिकटवले. समोरून झकास, पण बाजूने बघितलं की प्लॅस्टिकची कड चमकायची. तयार स्प्लॅश जेल महाग, आणि ते मुळात पाण्याच्या शिंतोड्यांसाठी बनवलेलं. मातीला त्याचा उपयोग नाही.

शेवटी हत्यारं बाजूला ठेवली आणि कार्डिफच्या शर्यतींचे फोटो मोठे करकरून बघत बसलो. त्यांत धूळ जवळपास नाहीच! छत बंद, ऊन नाही, वारा नाही, आणि ट्रॅकवर पाणी मारलेलं. चाकामागून उडतात ते ओले कण आणि ढेकळं, सुटीसुटी, प्रत्येक आपल्या वाटेने, आणि मधल्या फटींतून पलीकडचं सगळं दिसतं. मागच्या चाकाजवळचा डर्ट डिफ्लेक्टरही तितकाच महत्त्वाचा. मागून येणाऱ्या स्वारांच्या तोंडावर कमी माती यावी म्हणून तो सक्तीचा असतो. तो फवाऱ्याचा वरचा भाग तिथल्या तिथे खुडतो, म्हणून माती चाकालगत सरळ वर न चढता आडवी पसरते. ती सरळ मागेही जात नाही. गाडी डावीकडे वळतेय, मागचं चाक बाहेर घसरलेलं, नाक आत, पुढचं चाक मात्र उजवीकडे वळवलेलं. अशा वेळी माती तिरकी, बाहेरच्या कुंपणाकडे फेकली जाते.

हे लक्षात आल्यावर बाकीचं काम हाताचं. पारदर्शक स्प्रू (किटचे भाग जिला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची काडी) मेणबत्तीवर तापवून केसाएवढी ओढली, तुकडे केले आणि प्रत्येकाला हलका बाक दिला. तंतूवर सुईच्या टोकाने यूव्ही रेझिनचा (हे अतिनील उजेडात कडक होतं) ठिपका ठेवायचा, त्यावर माती भुरभुरायची, लगेच यूव्ही टॉर्च मारायचा. चाकाजवळ कण बारीक आणि दाट, बाहेर जाताना विरळ आणि टपोरे. मग पिन वाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) ट्रॅकमध्ये भोकं पाडून तंतू मुळापासून रोवले, सगळे एका कोनात नाही, पंख्यासारखे थोडे फाकवून. हातभर अंतरावरून तंतू दिसत नाहीत, फक्त हवेतली माती दिसते. एक ढेकूळ डिफ्लेक्टरच्या कडेवर आपटून फुटताना दाखवता आलंय. आज दिवसभर जाता-येता मी टेबलाशी थांबून तेच बघतोय.

मातीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. ती सुरखी आहे. फुटक्या विटा खलबत्त्यात कुटल्या आणि रव्याच्या चाळणीतून पडलेली, पण मैद्याच्या चाळणीवर अडलेली तेवढीच भुकटी घेतली. ट्रॅकवरचा ६ मिलिमीटरचा कण आपल्या मापात अर्ध्या मिलिमीटरचा होतो, त्याला हे बरोबर पुरतं. मैद्याच्या चाळणीतून गळालेली पूड वॉशसाठी, म्हणजे वरून द्यायच्या पातळ रंगासाठी. नुसती सुरखी दिव्याखाली फार केशरी दिसते. दोन भाग सुरखीत एक भाग क्रशरची काळी डस्ट मिसळली, तेव्हा ओल्या शेलचा (स्पीडवेच्या ट्रॅकवरच्या मातीचा) तपकिरी रंग आला. डबीतल्या तयार टेक्श्चर पेस्टपेक्षा हे कितीतरी सरस आहे. पेस्टमध्ये सगळे कण एकसारखे असतात आणि ते लगेच ओळखू येतं.

आणि आता हे लिहिता लिहिताच बेसचा आराखडा बदलतोय. चार स्वार, चार फेऱ्या, अशा हीट (एकेक छोटी शर्यत) होत जातात तशी आतली ओळ घासून गुळगुळीत होते आणि सुटी माती बाहेर साचते. म्हणूनच अधूनमधून ट्रॅक्टर फिरवून ती परत आत ओढतात. एवढा भरघोस फवारा हवा असेल तर गाडी बाहेरच्या मातीवरच पाहिजे. म्हणजे गाडी सरकणार, बेस रुंद होणार, आणि आतापर्यंत चौकटीबाहेर ठेवलेली एअर फेन्स (वळणावरचं हवा भरलेलं कुंपण) चौकटीत येणार. स्टँड आणि प्रेक्षकांचा विचार सोडून दिलाय. तिसऱ्या-चौथ्या वळणाचा हा एक तुकडा नीट झाला तरी खूप आहे.

दुसरा बदल मला जास्त प्रिय आहे. बेसची पुढची कड लाकडी पट्टीने झाकायची नाही, कापून उघडी ठेवायची. खाली स्टेडियमची मूळ जमीन, तिच्यावर दाबलेला पाया, वर सुटं शेल, हे सगळं दिसलं पाहिजे. कार्डिफचं ते स्टेडियम मुळात रग्बीचं. ब्रिटिश ग्रां प्री, म्हणजे स्पीडवेच्या जागतिक स्पर्धेची ब्रिटनमधली फेरी, २००१ मध्ये तिथे आली, तेव्हापासून दर शर्यतीला माती आणून ट्रॅक घालायचा आणि शर्यत झाली की उचलायचा. हे काम किती अवघड आहे ते एप्रिल २०१५ मध्ये वॉर्सॉला दिसलं. पोलंडचं राष्ट्रीय स्टेडियम भरलेलं, तिथला लाडका स्वार टोमाश गोलोबच्या निरोपाची रात्र, आणि तात्पुरता ट्रॅक उखडत गेला. सुरुवातीला वर उचलल्या जाणाऱ्या स्टार्टच्या फितीही दगा देत होत्या. बाराव्या हीटनंतर शर्यत थांबवावी लागली. कार्डिफच्या अशाच आणून टाकलेल्या मातीवर २००७ च्या फायनलमध्ये क्रिस हॅरिसने शेवटच्या वळणावर ग्रेग हॅन्कॉकला मागे टाकलं, आणि २०२२ मध्ये डॅन ब्यूली जिंकला. मला त्या शर्यतींइतकंच त्यांच्याखालच्या मातीचं कौतुक आहे. २०२५ मध्ये ब्रिटनची फेरी मँचेस्टरच्या कायमस्वरूपी ट्रॅकवर गेली. कार्डिफचा ट्रॅक आता कुठेच नाही, म्हणून तर तो थरांसकट करायचा.

आता अडलंय एअर फेन्सपाशी. फोमवर पातळ रेक्झिन ताणून बघितलं, पण शिवणीपाशी पडणाऱ्या सुरकुत्या या मापाला फार मोठ्या दिसतात. एपॉक्सी पुट्टीत कोरली तर हवा भरल्याचा फुगीरपणा येईल का, याची शंका आहे. फुग्याचं रबर फोमवर ताणायचाही विचार आहे, पण ते वर्षभरात चिरतं की टिकतं? १:१२ किंवा १:९ ला कुणी फुगवलेली वस्तू केली असेल तर काय वापरलं ते लिहा, रंग कसा धरला तेही. स्वाराच्या डाव्या बुटाची पोलादी तळपट्टी कोल्ड्रिंकच्या कॅनमधून कापून तयार आहे. पुढच्या वेळी स्वार बसवताना ती जवळून दाखवतो.