फोटोशॉप-लाइटरूमचं नवं व्हर्जन: पौषापर्यंत थांबलं तर काय बिघडतं?

फोटो एडिटिंगची फोटोशॉप आणि लाइटरूम ही दोन्ही सॉफ्टवेअर ॲडोबीची. त्यांची मोठी व्हर्जन्स साधारण ऑक्टोबरात येतात, म्हणजे ऐन नवरात्र-दिवाळीच्या धांदलीत. पुढं तुळशीचं लग्न लागलं की कोल्हापुरातल्या स्टुडिओंना मान वर करायला सवड नसते. हॉलवरून आलेली मेमरी कार्डं रिकामी करायची, प्रीवेडिंगचं सिलेक्शन पाठवायचं, मागच्या अल्बमचं करेक्शन निस्तरायचं. अशात क्रिएटिव्ह क्लाउड (ॲडोबीची सॉफ्टवेअर वर्गणीवर देणारं ॲप) कोपऱ्यात ‘अपडेट’ दाखवतं आणि कोणीतरी पोरगं ते दाबतं.

माझं मत सरळ आहे. ऑक्टोबरचं व्हर्जन ऑक्टोबरात घेऊ नये. पौषात मुहूर्त नसतात, डिसेंबरअखेर ते जानेवारी हा काळ त्यातल्या त्यात मोकळा. तोवर पहिल्या रिलीजमधल्या ढोबळ चुका एकदोन पॅचमध्ये निघालेल्या असतात. पौष हुकला तर आषाढ-श्रावण किंवा पितृपंधरवडा आहेच. त्यासाठी आजच क्रिएटिव्ह क्लाउडच्या प्रेफरन्सेसमध्ये ॲप्स विभागात जाऊन ऑटो-अपडेट बंद करून ठेवा.

आता घ्यायचं की नाही, हा प्रश्न. फीचरची यादी वाचून तो सुटत नाही. आधी बॅगेतली कॅमेरा बॉडी बघा. लाइटरूम ६ हे एकरकमी विकत मिळणारं शेवटचं लाइटरूम, २०१५ चं. त्याला शेवटचं अपडेट मिळालं २०१७ च्या अखेरीस. त्यामुळं २०१८ मध्ये आलेली सोनी ए७ थ्री किंवा कॅननची सीआर३ ही रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची) फाइल त्याला मुळात वाचताच येत नाही. सीएस६ ची (एकरकमी मिळणारं शेवटचं फोटोशॉप) गत त्याहून जुनी, त्याचा कॅमेरा रॉ (रॉ फाइल उघडणारा भाग) ९.१.१ वर थांबला. नवी बॉडी घेतली आणि सॉफ्टवेअर तेच ठेवलं, तर ‘फाइल करप्ट आहे’ असं वाटणारा मेसेज येतो आणि कार्डावर संशय घेतला जातो. कार्ड ठणठणीत असतं.

यावर फुकटचा उपाय म्हणजे ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर, तो रॉ फाइलची डीएनजी या ॲडोबीच्या रॉ फॉरमॅटमध्ये प्रत करतो. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपॅटिबिलिटी ‘कॅमेरा रॉ ७.१ अँड लेटर’ ठेवा, ‘लॉसी कॉम्प्रेशन’वरची टिक काढलेली आहे ना ते बघा, अख्खा फोल्डर द्या आणि चहाला जा. तयार झालेली डीएनजी लाइटरूम ६ आणि सीएस६ दोन्हीत उघडते. महिन्याला एखादं काम असेल तर यावर भागतं. आठवड्याला तीन लग्नं असतील तर प्रत्येक कार्डामागं ही जादा पायरी आणि जादा हार्डडिस्क लागते, तिथं अपग्रेड स्वस्त पडतं. आणखी एक अडचण: कन्व्हर्टरची नवी व्हर्जन्स विंडोज ७ वर चालत नाहीत.

दुसरा प्रश्न ग्राफिक कार्डाचा, आणि इथंच जास्त पैसे वाया जातात. नव्या लाइटरूम क्लासिकमधलं (लाइटरूम ६ च्या पुढचं, वर्गणीवरचं) खरं कामाचं फीचर म्हणजे फोटोतले दाणे काढणारं एआय डीनॉइज, एप्रिल २०२३ मध्ये आलेलं. रात्रीची वरात, हॉलमधला पिवळा उजेड, खासबागेत संध्याकाळनंतरची कुस्ती, असे आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० च्या पुढचे फोटो त्यानं खरोखर वाचतात. पण हे सगळं काम ग्राफिक कार्ड करतं. मेमरी ८ जीबी असलेलं आरटीएक्स कार्ड असेल तर एक रॉ काही सेकंदांत निघते. नुसत्या ऑनबोर्ड ग्राफिक्सवर तीच फाइल काही मिनिटं घेते. हिशेब करा: ४०० फोटो, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे २००० मिनिटं, तेहतीस तासांहून जास्त. तेच १५ सेकंदांनी धरलं तर १०० मिनिटं. म्हणून राजारामपुरीतल्या दुकानांत ग्राफिक कार्डाचा भाव विचारल्याशिवाय केवळ डीनॉइजसाठी सबस्क्रिप्शन घेऊ नका. खर्च दोन्हींचा मिळून धरायचा.

सुरुवातीच्या व्हर्जन्समध्ये डीनॉइज प्रत्येक फोटोची वेगळी डीएनजी करायचं, मूळ रॉपेक्षा कितीतरी मोठी, आणि एका लग्नात डिस्क भरायची. जून २०२५ च्या लाइटरूम क्लासिक १४.४ पासून वेगळी फाइल लागत नाही. ज्यांच्याकडं १२ किंवा १३ आहे आणि रात्रीचं काम भरपूर आहे, त्यांना पुढं जायला हे एकच कारण पुरेसं आहे. दिवसाच्या कामाला मात्र डीनॉइज लावत बसू नये. जोतिबाच्या चैत्र यात्रेतला उन्हातला गुलाल कमी आयएसओवर काढलेला असतो, तिथं काढण्यासारखा नॉइजच नसतो. त्या फोटोंना मास्किंग (ठरावीक भागच निवडून एडिट करणं) हवं, आणि उधळलेल्या गुलालात ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ माणसाची कड हमखास चुकवतं. ब्रशनं हातानं दुरुस्त करावंच लागतं, व्हर्जन कुठलंही असो.

आता मराठीचा विषय, ज्यावर इंग्रजी रिव्ह्यूवाले अवाक्षर काढत नाहीत. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोडमध्ये ‘चि. सौ. कां.’ टाइप करून बघा. ‘चि’ची वेलांटी ‘च’च्या मागं जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून पडतात. म्हणून अल्बम डिझायनर अजून जुन्या नॉन-युनिकोड फाँटांना धरून आहेत. मधल्या सीसी (क्रिएटिव्ह क्लाउड) व्हर्जन्समध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडून फोटोशॉप पुन्हा चालू करावं लागायचं. ऑक्टोबर २०२१ च्या फोटोशॉप २३.० पासून सगळ्या लिप्यांना एकच टेक्स्ट इंजिन आहे. तरीही एखाद्या जुन्या लेअरमध्ये मात्रा चुकीचीच दिसली, तर तो लेअर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ करा. बहुतेक वेळा ‘चि’ लगेच जागेवर येते.

याची उलट बाजूही आहे. जुना अल्बम नव्या व्हर्जनमध्ये उघडला की टेक्स्ट लेअर अपडेट करायचे का, असं विचारतं. घाईत ‘अपडेट’ दाबलं तर ओळींमधलं अंतर हलू शकतं, नाव फ्रेमच्या कडेला टेकतं, आणि फाँट सापडला नाही तर लेअरवर पिवळं चिन्ह येऊन भलताच फाँट बसतो. आधी ‘नो’ म्हणा, फाइलची कॉपी करा आणि मग कॉपीवर अपडेट करून दोन्ही शेजारी ठेवून बघा. तुमच्या जुन्या फाँटांमध्ये टाइप वन जातीचे असतील तर ते नव्या ॲडोबी सॉफ्टवेअरमध्ये दिसणारच नाहीत. ॲडोबीनं जानेवारी २०२३ पर्यंत त्यांचा सपोर्ट पूर्ण बंद केला. ट्रूटाइप फाँट चालतात. फाँट फोल्डर तारखेनिशी वेगळा ठेवणं हे अपग्रेडपूर्वीचं सगळ्यात दुर्लक्षित काम आहे.

बारा बाय छत्तीसची एक शीट ३०० डीपीआयला १०८०० बाय ३६०० पिक्सेल होते. ८ बिट आरजीबीत एक पूर्ण लेअर साधारण ११७ एमबी मेमरी खातो. असे वीस लेअर म्हणजे २ जीबीहून अधिक, तेही एका शीटचे. ८ जीबी रॅमवर नवं फोटोशॉप चालू होतं, पण तीन शीटा आणि लाइटरूम एकत्र उघडले की डिस्क घरघरायला लागते. १६ जीबी रॅम आणि स्क्रॅच डिस्कला (रॅम पुरली नाही की फोटोशॉप वापरतं ती जागा) वेगळी एसएसडी नसेल, तर आधी त्यावर खर्च करा, सॉफ्टवेअर नंतर.

विंडोज १० वाल्यांनी ध्यानात ठेवावं: मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन जुनं असेल तर खर्चाचा हिशेब मशीनपासून सुरू होतो.

घ्यायचं ठरलंच, तर क्रम असा. लाइटरूममध्ये एडिट मेनूतून कॅटलॉग सेटिंग्ज उघडा, जनरलमध्ये कॅटलॉग (फोटोंची यादी आणि एडिट साठवणारी फाइल) कुठं आहे ते दिसतं. लाइटरूम बंद करताना बॅकअप घ्या, ‘टेस्ट इंटेग्रिटी’ आणि ‘ऑप्टिमाइज’ दोन्हीवर टिक ठेवा. मग कॅटलॉगचा तो अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर टाका. मोठ्या व्हर्जनला लाइटरूम कॅटलॉगची नवी प्रत बनवतं, म्हणून ड्राइव्हवर कॅटलॉगच्या दुप्पट तरी जागा मोकळी हवी. नवा कॅटलॉग जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही. अपग्रेडनंतर चार दिवस नव्यात काम केलं आणि मग मागं फिरावंसं वाटलं, तर ते चार दिवस गेले. यावर अर्धा आधार म्हणजे लायब्ररीत सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबणं, मग डेव्हलपच्या सेटिंग्ज एक्सएमपीत (फोटोसोबत राहणाऱ्या माहितीत) जातात. व्हर्च्युअल कॉपी, कलेक्शन आणि हिस्टरी त्यात येत नाही.

त्याआधी एक चाचणी जरूर करा. एकच लग्न ‘एक्स्पोर्ट ॲज कॅटलॉग’नं वेगळं काढा आणि नव्या व्हर्जनमध्ये फक्त तेच उघडा. हळदीचे फोटो घ्या, पिवळा रंग आणि त्वचा दोन्ही त्यात असल्यानं फरक लगेच कळतो. कॅलिब्रेशन पॅनेलमध्ये प्रोसेस व्हर्जन (फोटोवर एडिट लावायची पद्धत) जुनंच राहिलेलं दिसेल, ते तसंच ठेवा. नव्या प्रोसेसवर नेलेल्या जुन्या फोटोंचा टोन बदलू शकतो, आणि छापून दिलेल्या अल्बमशी नवीन प्रिंट जुळत नाही. २०१२ च्या आधीच्या प्रोसेसवरचे फोटो तर ओळखू येणार नाहीत इतके बदलू शकतात.

फोटोशॉपमध्ये ॲक्शन पॅनेलमधून प्रत्येक सेट एटीएन फाइल म्हणून सेव्ह करा. प्लगइन आपोआप नव्या फोल्डरात जात नाहीत, ते परत इन्स्टॉल करावे लागतात, आणि ३२ बिटचे जुने प्लगइन विसरा. क्रिएटिव्ह क्लाउडच्या अपडेटच्या खिडकीत ‘रिमूव्ह ओल्ड व्हर्जन्स’ची टिक काढा. दोन्ही व्हर्जन्स शेजारी राहिली की हातातले अल्बम जुन्यात संपवता येतात. अपडेटनंतर एक्स्पोर्ट काळं-जांभळं यायला लागलं किंवा लाइटरूम अचानक बंद पडायला लागलं, तर पहिला संशय ड्रायव्हरवर घ्या. एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर टाका, गेम रेडी नको. तरी थांबलं नाही तर परफॉर्मन्समध्ये जीपीयू बंद करून बघा. त्यानं प्रश्न सुटला तर दोष कार्डाच्या बाजूला आहे, फोटोत नाही.

क्रॅकवाल्यांना एवढंच सांगतो: जनरेटिव्ह फिल (एआयनं फोटोत नवा भाग भरणं) कंपनीच्या सर्व्हरवर चालतं, तुमच्या मशीनवर नाही. ते मिळेल म्हणून क्रॅक शोधू नका.

आणि ज्यांचं काम पासपोर्ट फोटो, ओळखपत्र, जुन्या फोटोची दुरुस्ती एवढंच आहे, त्यांनी खरेदी केलेलं सीएस६ तसंच चालू द्यावं. चार बाय सहाच्या कागदावर आठ फोटो बसवायला त्यापेक्षा जास्त काही लागत नाही. त्या मशीनला इंटरनेट मात्र जोडू नका, आणि विंडोज नव्यानं टाकण्याआधी दहादा विचार करा. इतकं जुनं लायसन्स पुन्हा ॲक्टिव्हेट होईलच याचा भरवसा नाही.