उदंचन केंद्राच्या कोडमध्ये वेळ कुठे लिहायची?

भरतीच्या वेळी मुंबईतलं पावसाचं पाणी आपसूक समुद्रात उतरत नाही. दरवाजे बंद करून ते पंपांनी बाहेर फेकावं लागतं. समजा, अशा उदंचन केंद्राचं नियंत्रण तीन कम्प्युटरांत वाटलंय: पाण्याची पातळी, पंप आणि दरवाजा. प्रत्येक भागासाठी एक, असे तीन क्लास (ऑब्जेक्ट बनवायचे कोडमधले साचे) लिहिले की काम झालं असं वाटतं. पण ‘पातळी वाच’ हा कॉल त्याच मशीनवरचा असो की नेटवर्कपलीकडचा, कोडमध्ये सारखाच दिसतो, आणि धोका नेमका तिथेच आहे. नेटवर्कवरचं उत्तर उशिरा येतं, कधी येतच नाही.

म्हणून वेळ इंटरफेसमध्येच, म्हणजे एक ऑब्जेक्ट दुसऱ्याशी कसा बोलेल त्या करारातच, उघड लिहावी. पातळीच्या ऑब्जेक्टने नुसतं ‘2.35 मीटर’ सांगून भागत नाही. ते कधी मोजलं आणि किती वेळ ग्राह्य धरायचं (समजा 500 मिलिसेकंद) हेही सोबत हवं. मुदत उलटली की पंपाच्या ऑब्जेक्टने जुना आकडा वापरायचाच नाही, आधी ठरवलेल्या सुरक्षित स्थितीत जायचं.

अर्थात, हे घड्याळं जुळलेली असली तरच चालतं. 50 पीपीएम (दहा लाखांत 50 भाग) चुकणारा घड्याळाचा क्रिस्टल दिवसाला 4.32 सेकंद सरकतो. एक कम्प्युटर पुढे आणि दुसरा मागे गेला, तर ताजं रीडिंग शिळं ठरतं आणि शिळं ताजं. लॅनवर पीटीपी (नेटवर्कवरची घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल) लावा, आणि दोन घड्याळांतला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर अलार्म द्या.

अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात के. एच. किम यांनी मांडलेलं टीएमओ (टाइम-ट्रिगर्ड मेसेज-ट्रिगर्ड ऑब्जेक्ट) मॉडेल इथे फार उपयोगी पडतं. ऑब्जेक्टमध्ये दोन जातीच्या मेथड (ऑब्जेक्टची ठरलेली कामं) असतात: घड्याळाच्या ठोक्यावर आपणहून चालणाऱ्या आणि निरोप आल्यावर चालणाऱ्या. एकाच डेटावरून दोघींची टक्कर झाली, तर घड्याळवालीला आधी वाट मिळते. त्यामुळे बाहेरून विनंत्यांचा कितीही मारा झाला तरी ठरलेलं काम त्यांच्यामुळे अडत नाही.

वेळेवर चालणारी मेथड लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे काम झाल्यावर ‘100 मिलिसेकंद झोप’ लिहिणं. कामाला 7 लागले तर फेरी 107 ची होते आणि तासाला 36,000 ऐवजी साधारण 33,600 फेऱ्या पडतात. पुढची वेळ ‘मागची ठरलेली वेळ अधिक 100’ अशी काढा आणि मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणाऱ्या) घड्याळावर त्या क्षणापर्यंत झोपा. लिनक्समध्ये क्लॉक-नॅनोस्लीप या कॉलला ॲब्सोल्यूट वेळ (‘इतका वेळ’ऐवजी ‘अमुक क्षणापर्यंत’) देता येते. त्या लूपमध्ये नवे ऑब्जेक्ट तयार करू नका. लागतील तेवढे सुरुवातीलाच करून ठेवा. मेमरी मिळायला किती वेळ लागेल, याची हमी नसते.

लॉक घेताना प्रायॉरिटी इनहेरिटन्स (लॉक धरून बसलेल्या कमी महत्त्वाच्या कामाला, वाट बघणाऱ्या महत्त्वाच्या कामाची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) चालू आहे ना, हे बघाच. 1997 मध्ये मंगळावरचं पाथफाइंडर यान ते बंद असल्यामुळेच पुन्हापुन्हा रीसेट होत होतं.

पंपाची आज्ञा ‘स्थिती उलटव’ अशी कधीच नको, ‘चालू कर’ अशीच हवी. उत्तर हरवलं म्हणून आज्ञा दुसऱ्यांदा गेली, तर पहिल्या प्रकारात पंप बंद पडेल. चाचणीत केबल उपटून बघा, आणि पॅकेट 600 मिलिसेकंद अडवूनही बघा. मुदत तपासणारा कोड बहुतेक वेळा या दुसऱ्या चाचणीत उघडा पडतो.