मिलानचा कडू घोट

मिलानमध्ये कचेऱ्या सहाच्या सुमारास सुटतात आणि रात्रीचे जेवण आठच्या आधी सुरू होत नाही. या मधल्या दोन तासांना तेथील लोकांनी 'अपेरितिवो' असे नाव देऊन ठेवले आहे. भूक उघडावी म्हणून घ्यायचे थोडेसे, बहुधा कडवट पेय आणि त्याच्या सोबतीला चखणा, असा त्याचा अर्थ. तेथील पॉलितेक्निको विद्यापीठात शिकणाऱ्या माझ्या भाचीकडे मी पाच दिवस राहिलो. तिने पहिल्याच संध्याकाळी बजावले, "मामा, इथे कुणी दारू प्यायला बारमध्ये जात नाही, जेवणाची वाट बघायला जातात." परमिट रूमच्या मिणमिणत्या दिव्यांची सवय असलेल्या मला हे पटायला दोन दिवस लागले.

सुरुवात अर्थातच कांपारीपासून झाली. गास्पारे कांपारी याने 1860 मध्ये नोव्हारा येथे हे लालभडक कडू पेय तयार केले आणि 1867 मध्ये मिलानच्या नव्याकोऱ्या गॅलेरियात, म्हणजे काचेच्या छताखालच्या त्या भव्य बाजारवाटेत, आपला कॅफे थाटला. त्याचा मुलगा दाविदे याने 1915 मध्ये त्याच गॅलेरियाच्या तोंडाशी, दुओमो कॅथेड्रलच्या समोर, 'कांपारीनो' हा बार उघडला. आत शिरताच मोझाइकच्या भिंती आणि कोरीव लाकडी काउंटर दिसते. पण माझे लक्ष खिळले ते सोड्याच्या नळाकडे. तळघरातून थेट काउंटरवर थंडगार सोडा यावा अशी योजना येथे आरंभीच करण्यात आली होती, आणि त्या काळी ते मोठेच अप्रूप होते. बारटेंडरने गारठवलेल्या उंच पेल्यात कांपारी ओतली, नळाची दांडी ओढली, आणि सोड्याची धार इतक्या जोराने आत आदळली की पेल्यावर कोकम सरबताच्या फेसासारखा गुलाबी थर चढला. बर्फ नाही, फळाची चकती नाही, दुसरे काही नाही. पहिल्या घोटाला मला पाडव्याच्या कडुनिंबाची आठवण झाली. तिसऱ्या घोटाला संत्र्याची साल कळू लागली. पेला संपला तेव्हा जिभेवर उरलेला कडवटपणा हवाहवासा वाटत होता. आम्ही हे सारे उभ्यानेच घेतले, कारण इटलीत काउंटरशी उभे राहून घेतले तर एक भाव आणि टेबलाशी बसले तर दुसरा, हे भाचीला एका महागड्या दुपारी अन्य ठिकाणी कळून चुकले होते.

या शहरातील बार समजून घ्यायचे तर एका बाटलीची वंशावळ पाठ असलेली बरी. मिलानची कांपारी आणि तोरिनो शहराचे गोडसर लाल व्हर्मूथ, म्हणजे वनौषधी घातलेली वाइन, एकत्र आले की 'मिलानो-तोरिनो' होतो. त्यात सोडा घातला की 'अमेरिकानो'. सोड्याऐवजी जिन घातली की 'नेग्रोनी'. हा मात्र मिलानचा नव्हे, 1919 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये कामिल्लो नेग्रोनी नावाच्या काउंटच्या फर्माइशीवरून झाला असे सांगतात. प्रत्येक पिढीत एकच जिन्नस बदलतो, बाकीचे घराणे जागच्या जागी राहते.

दुसरी संध्याकाळ नाव्हील्यी भागात गेली आणि तिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दुओमोसाठी संगमरवर ज्यांतून वाहून आणला, ते जुने कालवे येथे आहेत. त्यांच्या दोन्ही काठांवर बारांची रांग लागली आहे. पेयाच्या किमतीत हवे तेवढे खा, अशी पाटी पाहून आम्ही एका ठिकाणी शिरलो आणि गारढोण पास्ता व बर्फाच्या पाण्यात बुडालेला नेग्रोनी पुढ्यात घेऊन बसलो. याच काठावरच्या 'माग कॅफे'च्या मंडळींचा '1930' नावाचा गुप्त बारही या शहरात आहे. त्याचा पत्ता जाहीर नसतो, ओळखीनेच प्रवेश मिळतो. आम्ही तेथवर पोहोचलो नाही आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही. इटलीत दारूबंदी कधी नव्हतीच, त्यामुळे अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातल्या चोरट्या बारांचे ते नाटक त्यांना गमतीचे वाटत असेल. ज्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि पिण्यासाठी रीतसर परवाना लागतो, तेथून आलेल्या माणसाला त्यात कसले आले नावीन्य?

तिसरी संध्याकाळ व्हिया प्लिनिओवरच्या 'बार बास्सो'ची. विद्यापीठाकडून पायी जाता येते, त्यामुळे भाचीला रस्ता तोंडपाठ होता. बाहेर साधी निऑनची पाटी, आत जुने झुंबर, गुलाबी टेबलक्लॉथ. पण एप्रिलमध्ये फर्निचरचे प्रदर्शन भरते तेव्हा जगभरचे डिझायनर याच फुटपाथवर पेले घेऊन उभे असतात. मिर्को स्तोक्केत्तो याने 1967 मध्ये हा बार चालवायला घेतला. 1972 च्या सुमारास नेग्रोनी करताना जिनच्या बाटलीकडे हात नेला आणि हाताला स्पुमांते ही फसफसणारी वाइन लागली. तीच त्याने ओतली, आणि त्या पेयाचे नाव पडले 'नेग्रोनी स्बाल्यातो', म्हणजे चुकलेला नेग्रोनी. जिनच्या जागी हलकी वाइन आल्याने पेयाची धार उतरते, आणि संध्याकाळी सहाला घ्यायच्या पेयासाठी मूळ नेग्रोनीपेक्षा हे चुकलेलेच मला अधिक बरोबर वाटले.

येथे तो ज्या पेल्यात देतात तो पाहून मी आधी दचकलो. फुलदाणीएवढा, लांब दांड्याचा काचेचा पेला, त्यात विटेसारखा बर्फाचा एकच तुकडा आणि संत्र्याची चकती. उचलायला दोन हात लागले. मात्र तो मोठा तुकडा वितळतो सावकाश, त्यामुळे शेवटचा घोटही पहिल्याइतकाच दाट राहतो. आदल्या दिवशीच्या पाणचट पेल्याचे कोडे मला येथे उलगडले. चिप्स आणि ऑलिव्ह संपले, पेला संपला, तरी बर्फाचे जेमतेम कोपरेच झिजले होते. भाचीने घड्याळ पाहिले, आठ वाजून गेले होते, आणि मला खरोखरच सडकून भूक लागली होती. तिच्या खोलीवर तांदूळ भिजत घालून आलो होतो. वरणाचा कुकर तेवढा लावायचा राहिला होता.