निट्रो, मे ते डिसेंबर

खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कात मी पहिल्यांदा गेले ती मे महिन्यात, लेकीच्या हट्टापायी. बारा वाजता रांगेतला लोखंडी कठडा इतका तापला होता की हात ठेववेना. त्या दिवशी आम्ही ‘डीप स्पेस’ या बंदिस्त रोलर कोस्टरच्या अंधारातच दोनदा जाऊन बसलो. उन्हाळ्यात मोठी मजा नाही, खरंच सांगते.

जुलै मात्र माझा जीव की प्राण! डोंगरांवर ढग टेकलेले, कड्यांवरून पांढऱ्या धारा. सर वाढली की उघड्यावरच्या राइड थांबतात, मग आडोशाला उभं राहून वाट बघायची. पाऊस ओसरला आणि निट्रो, म्हणजे तिथली उघड्यावरची रोलर कोस्टर, सुरू झाली. 40 मीटर उंची, ताशी 105 किलोमीटर वेग, पाच वेळा उलटंपालटं, आणि पायाखाली फळीसुद्धा नाही. हवेतले उरलेसुरले थेंब गालाला टाचणीसारखे टोचत होते.

डिसेंबरात आईलाही नेलं. ती खाली आमच्या चपला सांभाळत बसली. वर चढताना लेकीने माझा हात घट्ट धरला, “आई, आता तरी डोळे उघड, डोंगर बघ ना!”

उघडले. उन्हात सगळं गवत सोनेरी झालं होतं.