चिंधाई तलाव सोडून का जात नाही

"चिंधाईला पाणी थांबवता येतं, मग ती सातही तलावांचं पाणी एकदम का थांबवत नाही? दुष्काळ तिथंच संपला असता."

तालुक्याच्या वाचनालयातून आलेल्या चिठ्ठ्यांत या खेपेला हाच प्रश्न सगळ्यांत जास्त आहे. चिंधाई ही माझ्या कादंबरीमालिकेतली; तिचा तिसरा भाग वाचून झालेल्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या ग्रंथपाल सरांनी पिशवीत घालून एसटीनं पाठवल्या. धानाची रोवणी चालू आहे, त्यामुळं दिवसा वेळ नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर एकेक उघडतेय. काही उत्तरं पत्रानं जातील, काही इथं लिहून ठेवते, म्हणजे चौथा भाग लिहिताना समोर राहतील.

चिंधाईचं असं आहे. तिच्या राज्यात जादूला एकच कायदा आहे: पाणी थांबवणाऱ्याला स्वतःलाही थांबावं लागतं. तिच्या शब्दावर पाणी अडलेलं असेल तोवर तिला त्या तलावाची शीव ओलांडता येत नाही. लेकीचं लग्न असो की भावाचं मरण, ओलांडली की पाणी निघालंच. म्हणजे सात तलाव धरायचे तर सात माणसं हवीत, आणि त्या सातांचा एकमेकांवर भरवसा हवा. तो भरवसा बसत नाही, म्हणून तर ही मालिका चालली आहे. तिला आणखी मोठी विद्या देऊन मोकळं करा, असं तिघाचौघांनी सुचवलंय. ते मी करणार नाही. अडचण आली की जादू वाढवायची, असं केलं तर चिंधाईच्या थांबण्याला काही मोलच उरणार नाही.

हा कायदा मला इथल्या तलावांनी दिला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो जुने तलाव आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. ते सुटे सुटे नाहीत. वरचा तलाव भरला की जास्तीचं पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, उतरतं. वरच्या गावानं अडवून धरलं तर खालच्या बांध्यांत धान करपतं, आणि घाबरून एकदम सोडलं तर खालची पाळ फुटते. शेजारचे मोठेबाबा पहिला भाग ऐकताना म्हणाले होते, "वरच्यानं सोडलंच नाही, तं खालचा करन तरी काय, बाई?" तिसऱ्या भागातला खालच्या तलावाचा राजा या एका वाक्यातून उभा राहिला.

तुडुमाचा, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या दाराचा, प्रसंग खरा वाटला असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. आमच्या तलावाच्या जुन्या तुडुमाला एकाखाली एक भोकं आहेत, त्यांत लाकडी बुचं. पाणी उतरत जाईल तसं खालचं बुच काढायचं. लहानपणी बाबांनी एकदा माझा हात धरून बुचावर ठेवला होता. बुच ढिलं झालं तसं पाण्यानं मनगट आत खेचलं, आणि खांद्यापर्यंत झटका बसला. चिंधाई पहिल्यांदा पाण्याशी बोलते तेव्हा तिचा हात तसाच ओढला जातो. त्या पानात मला काहीच रचावं लागलं नाही.

नागपूरच्या एका वाचकाला मालिकेतला हत्तीवर स्वार होणारा सिंह परदेशी कथांतून उचललेला वाटला. नाही हो. चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे: हत्तीवर मात करणारा सिंह. जटपुरा दरवाजातून रोज हजारो माणसं जातात. पुढच्या वेळी जरा थांबून वर बघा, एवढंच सांगेन. त्याच राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे, तिला तुकूम म्हणत, आणि त्या नावाची वस्ती चंद्रपुरात आजही आहे. आपल्याकडं एवढं पडलेलं असताना मी बर्फाळ डोंगर आणि दगडी किल्ले कशाला आणू?

तिसऱ्या भागात तलावांचा धनी एका रात्रीत नाहीसा होतो, आणि गाळ कोणी काढायचा यावरून गावं भांडतात. हे कुठून सुचलं, असं एका शिक्षिकेनं विचारलंय. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराचा जुलूम गेला ते उत्तमच झालं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण पाळीची डागडुजी, पाटांची साफसफाई, बुचावरचा माणूस ही रोजची कामं कितीतरी गावांत कोणाचीच राहिली नाहीत. आता काही तलावांत पाण्यापेक्षा बेशरमाची झुडपंच जास्त दिसतात. कादंबरीत तीच झुडपं रात्री चालतात, बस्स. तेवढीच भर माझी.

चौथा भाग कधी? लिहून पुरा होईल तेव्हा. रोवणी आटोपली की पुन्हा बसेन. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत भेटलात तर जरूर विचारा, मला आवडतं. तारीख मात्र देणार नाही. सातव्या तलावावर कोण उभं राहणार हे ठरल्याशिवाय आधीची प्रकरणं पक्की होत नाहीत, आणि घाईनं तिथं कोणालाही उभं केलं तर पहिल्या भागापासून वाट बघणाऱ्यांवर अन्याय होईल. मालिकेतला तुकड्या मरणार का, हेही सांगणार नाही. त्याच्यासाठी जीव खालीवर होतोय असं लिहिणाऱ्या आजींना एवढंच कळवते की माझाही होतो.

शेवटची चिठ्ठी आठवीतल्या मुलाची आहे. वहीचं पान, शाईचे डाग. "मॅडम, मले आठव्या तलावाची गोष्ट लिहायची हाये. तुमच्या राज्यात लिहू का? चिंधाईले मी मारणार नाही." ही मी दोनदा वाचली. मालिका माझी, पण ज्या पाण्यावर ती उभी आहे ते त्याच्याही गावचं आहे. उद्या त्याला पत्र टाकते: लिही. आठवा तलाव तुझा, माणसं तुझी, नावं तुझी. कायदा तेवढा तोच ठेव, आणि पहिलं पान लिहिण्याआधी तुझ्या तलावात पाणी कुठून उतरतं आणि तुझ्या खाली कोण आहे, ते कागदावर काढून घे. नकाशा जमला तर मलाही पाठव, सातव्याच्या खालची जागा मी मोकळी ठेवते.