फिरकी कोण धरणार?

संक्रांतीनंतर, १६ जानेवारीला, हजेरीच्या वेळी हात वर झाले, की कोणी पतंग उडवला आणि कोणी दोरीची फिरकी धरली, हे बाईंना बोटांवरूनच कळायचं. उडवणाऱ्याच्या तर्जनीच्या पेरावर, आतल्या बाजूला, दोन-तीन आडव्या चिरा. फिरकीवाल्याच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला बारीक खरवड, कारण गुंडाळताना दोरी चिमटीतून घ्यावी लागते. चिरा मिरवायच्या आणि खरवडलेली बोटं मुठीत लपवायची, असा रिवाज होता. माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेसाठी शाळेतल्या दोस्तीवर लिहा म्हणाले, तेव्हा आधी ही बोटंच डोळ्यांपुढे आली.

दोस्ती म्हणजे काय, हे पहिली ते चौथीत कोणी विचारत नसे. ज्याच्याबरोबर दोघांचं काम नीट जमतं तो दोस्त. आणि त्या वयातली निम्मी कामं दोघांचीच होती.

बडोदं आता अवाढव्य झालंय, पण जुन्या गावातल्या पोराचं बडोदं म्हणजे लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी हे चार दरवाजे नि मधोमध मांडवी. बाहेर पडलंच तर सुरसागर, दांडिया बाजार, रावपुरा. कमाटीबागेत जायचं म्हणजे सहल, तिला डबा आणि चिठ्ठी लागायची. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होता. त्यामुळे शाळेत जाणं हा पणज्यांपासूनचा शिरस्ता. एका वाडीतली पोरं मराठी शाळेत, समोरच्या पोळातली, म्हणजे गुजराती गल्लीतली, गुजराती शाळेत, आणि पाचनंतर सगळी एकाच गच्चीवर.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून रस्त्याकडेला दोरी रंगवणारे बसत. दोन खांब रोवायचे, त्यांच्यामध्ये दोरा ताणायचा आणि हातात लुगदी घेऊन एका खांबाकडून दुसऱ्याकडे चालत राहायचं. लुगदीत भाताची खळ, सरस, रंग आणि वस्त्रगाळ काच. रीळ आपलं द्यायचं, रंगवणाऱ्याला वारावर, म्हणजे लांबीच्या हिशेबाने, पैसे. दोरा नऊ तार घ्यायचा की बारा तार, यावर सुट्टीभर वाद. बारीक दोरा हलका, ढील देताना सरसर जातो. जाड दोरा खेचाखेचीत टिकतो पण पतंगाला जड होतो. शहाणी पोरं नऊ तार घेत. रंगवलेली दोरी पुरती वाळल्याशिवाय फिरकीवर चढवू द्यायची नाही. ओलसर चढवली तर वेढे एकमेकांना चिकटतात आणि ऐन वेळी दोरी अडते. रात्री फिरकी गच्चीवर राहिली तरी हेच. दवाने खळ सुटते, काच झडते आणि सकाळी हातात नुसता रंगीत दोरा उरतो. (नायलॉनच्या चायनीज दोरीवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, ते उत्तम झालं. जी तुटत नाही आणि गळा कापते, तिला दोरी म्हणू नये.)

पतंग पंजावर किंवा कोडीवर मिळायचे. पंजा म्हणजे पाच, कोडी म्हणजे वीस. दोघांत मिळून एक कोडी घ्यायची पद्धत होती, आणि वाटणी आधी ठरवायची. नंतर ठरवलेली वाटणी भांडणाशिवाय पार पडत नाही.

तेराच्या संध्याकाळी किन्ने बांधायचे, म्हणजे दोरी जोडायला पतंगाला दोऱ्याचा फास घालायचा. पुण्याकडे याला कणी म्हणतात; बडोद्यात किन्ना. हे काम एकट्याने करता येतं, पण वाकडं होतं. एकाने पतंग गुडघ्यांवर सपाट धरायचा, दुसऱ्याने बांधायचं. उभी काडी, म्हणजे ढड्ढा, आणि कमान जिथे एकमेकींना छेदतात तिथे काडेपेटीच्या काडीने दोन्ही अंगांना भोकं पाडून दोरा दोन्ही काड्यांभोवती घ्यायचा. खाली शेपटीच्या चार-पाच बोटं वर ढड्ढ्याच्या दोन्ही बाजूंना अशीच दोन भोकं. मग वरचा आणि खालचा दोरा एकत्र ताणून गाठ मारायची. गाठ आडवी नेली तर साधारण कमानीच्या टोकापर्यंत पोचावी. खालचा दोरा वरच्यापेक्षा किंचित, अर्ध्या बोटाने, लांब ठेवायचा. उलटं झालं, म्हणजे वरचा लांब राहिला, तर पतंग वर चढायचं सोडून जागच्या जागी गरगरत बसतो. ही चूक नवशिक्याची हमखास. काचवाली दोरी किन्न्याला वापरायची नाही, ती कागदच कापते. त्यासाठी साध्या दोऱ्याचं वेगळं रीळ.

पतंग डोक्यावर टेकवून ढड्ढ्याला हलका बाक द्यायचा. बाक जास्त झाला की काडी कडकन मोडते, आणि तो पतंग कोणाच्या वाटणीतला यावर नवा वाद. हवेत एका अंगाला कलत असेल तर कमानीच्या दुसऱ्या टोकाला चिंधी किंवा कागदाची गुंडाळी बांधायची. फाटला तर गुंदरपट्टी जिभेने ओली करून लावायची. पट्टी संपली तर डब्यातलं भाताचं शीत. शीत जास्त लागलं की ती बाजू जड आणि पतंग पुन्हा कलता.

आता फिरकी. फिरकी धरणं हे दुय्यम काम आहे, असं फक्त ज्यांनी कधी पेच लढवला नाही तेच म्हणतात. दोन्ही मुठी दांड्यांवर सैल ठेवायच्या, इतक्या सैल की दोरी स्वतःच फिरकी फिरवील. उडवणारा ‘ढील!’ ओरडला आणि त्या क्षणी मूठ आवळली गेली, तर ताण एकदम वाढतो आणि दोरी तुटते. पतंग गेला, वर शेजारच्या गच्चीवरून ‘काप्यो छे!’ आणि थाळ्या. खेचताना दोरी उडवणाऱ्याच्या पायांशी साचत जाते. ती फिरकीवाल्याने पायाखाली येऊ न देता उचलायची. घाईत सैल गुंडाळली तर वरचे वेढे खालच्यांत रुततात आणि पुढच्या ढीलला मधेच अडकतात. म्हणून फिरकी जरा डावी-उजवी कलती करत दोरी तिरपी गुंडाळायची, म्हणजे एक वेढा दुसऱ्यावरून आडवा जातो आणि रुतत नाही. गुंता झालाच तर ओढायचा नाही. दोघांनी उकिडवं बसायचं, एकाने सैल टोक धरायचं, दुसऱ्याने मधली मोकळी फेर शोधायची. जी पोरं गुंता दातांनी तोडायची त्यांच्याबरोबर दुसऱ्या वर्षी कोणी कोडी घेत नसे.

आणखी एक काम फिरकीवाल्याचंच. उडवणारा मान वर करून आपल्या पतंगाकडे बघत असतो, त्याला पाठीमागचं आभाळ दिसत नाही. मागून कोण येतंय, खालून पेच लावतोय की वरून, हे फिरकीवाल्याने सांगायचं. पतंग कापला गेला की उरलेली दोरी कोणाच्या कौलावर पडायच्या आत गुंडाळायची जबाबदारीही त्याचीच, आणि चौदाला सूर्य मावळेपर्यंत मान त्याचीच जास्त भाजलेली. आता बॅटरीवर फिरणाऱ्या फिरक्या मिळतात. गुंडाळतात झकास, पण मागे वळून बघत नाहीत.

फिरकीवरूनच बहुतेक अबोले सुरू होत. शाळेत त्याला कट्टी-बट्टी, पोळात किट्टा-बुच्चा. गुजराती दोस्ताशी किट्टा घेतला असेल तर बुच्चाच करावा लागे. बट्टी तिथे चालत नसे. अबोल्यातही व्यवहार थांबत नसत, मधे तिसरा लागायचा: ‘ए, त्याला सांग, माझं रबर दे.’ तो एका बाकावर डावीकडून उजवीकडे तेच वाक्य पोचवी. या तिसऱ्याला मोबदला म्हणून डब्यातलं काही तरी द्यावं लागे. पोळी-भाजीच्या बदल्यात थेपला आणि छुंदा (कैरीचं गोड लोणचं) हा चांगला सौदा, साखरआंब्याच्या बदल्यात छुंदा हा बरोबरीचा, आणि शनिवारी सुटल्यावरच्या सेव-उसळीतला एक घास म्हणजे अबोलाच संपला.

मुलींचं वेगळं राज्य होतं. नवरात्रात रात्री गरबा, पण त्याआधी संध्याकाळी कोणाच्या तरी अंगणात पाटावरच्या हत्तीभोवती भोंडला. मैत्रिणींची खरी परीक्षा खिरापत ओळखताना. डबा कानाशी हलवून बघतात: शेंगदाणे, चणे खडखडतात, लाडू गडगडतात, वड्या सरकतात. म्हणून हुशार आया शिरा किंवा गच्च दाबलेला सुका चिवडा द्यायच्या, त्याचा आवाजच येत नाही. ज्या घरची खिरापत तिथली मुलगी गप्प बसायची, पण जिवलग मैत्रिणीला ‘गोड’ की ‘तिखट’ एवढं डोळ्यांनी सांगितल्याशिवाय तिला राहवत नसे. याला फितुरी म्हणत आणि सगळ्याच करत.

भोवरा मात्र पावसाळ्यानंतरचा, मैदान वाळल्यावरचा. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, सुती हवी. नायलॉनची गुळगुळीत लाकडावरून घसरते. आरेपासून, म्हणजे खालच्या खिळ्यापासून, सुरुवात करून वेढे एकाशेजारी एक, एकावर एक न चढवता, भोवऱ्याच्या पोटापर्यंत आणायचे, टोकाची गाठ बोटांत अडकवायची, आणि फेकताना हात झटक्यात मागे घ्यायचा. आर मधोमध बसलेली नसेल तर भोवरा उड्या मारत जातो आणि लवकर पडतो. आर ठोकताना एकाने भोवरा दोन विटांमध्ये धरायचा, दुसऱ्याने ठोकायचं. एकट्याने केलं की लाकूड फाटतं. हरणाऱ्याचा भोवरा रिंगणात ठेवून त्यावर गुच्चे, म्हणजे आपल्या भोवऱ्याच्या आरेचे घाव, मारत. दोस्ताच्या भोवऱ्यावर गुच्चा जरा बाजूला पडेल असा मारायचा, आणि नेम चुकला म्हणून हळहळायचं. हे दोघांनाही कळत असे.

माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनाला भोवरे आणायचं काही जणांचं ठरलं आहे. मैदानाच्या त्या कोपऱ्यात आता फरशी बसवली आहे, आणि टोकदार आर फरशीवर टिकत नाही, सरकत जाते. घरून निघण्याआधी ती दगडावर घासून थोडी बोथट करून आणा.